उतरवलेली पट्टी

"वेंडेल, हे जरा खाली वाजतंय का हो?" टोव्हाने गाणं मध्येच थांबवून विचारलं. दोनच ओळी झाल्या होत्या. "मला घशात अडकल्यासारखं होतंय. पुस्तकात छापलंय त्या पट्टीत वाजवाल का?"

पियानोपाशी बसलेल्या वेंडेलने चष्मा कपाळावर सरकवून समोर पाहिलं. तिथे हाताने लिहिलेले कागद होते. ते त्याने घाईघाईने गोळा केले, स्वतःच्या मांडीखाली सारले आणि छापील पुस्तक उघडून ठेवलं. "माफ कर हं पोरी. आधीचेच राहून गेले," तो म्हणाला.

आधीचे म्हणजे आर्डिसचे. आजच्या ऑडिशनला टोव्हाच्या आधी तीच गायली होती, हेच गाणं, याच पियानोवर. आणि आता तिसऱ्या रांगेत, कोट मांडीवर घेऊन, टोव्हाची फजिती बघायला ऐसपैस बसली होती. वेंडेलने सुरुवातीचे स्वर पुन्हा वाजवले आणि ते एकदम वर, उजेडात गेल्यासारखे झाले. आर्डिस सावरून बसली. हे ते होतं. महिनाभर स्वयंपाकघरात जे रेकॉर्डिंग लावून ती गात होती, ते हे. मघाशी स्वतः गायली ते हे नव्हतंच. तिच्या गळ्याचं काय व्हायचं ते झालं असेल, कान मात्र अजून शाबूत होते, आणि नसते तर किती बरं झालं असतं.

पण तिला खरा धक्का बसला तो पट्टीचा नाही. तीसेक माणसं त्या सभागृहात बसली होती आणि एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. कुणी शेजाऱ्याकडे वळून 'म्हणजे काय?' म्हणालं नाही. सगळ्यांना एकदम काहीतरी काम निघालं. एक जण हातमोजा शोधायला वाकला, एकीने कॉफीच्या कपाचं झाकण काढून परत लावलं, मागे कुणीतरी उगाच खोकलं. दिग्दर्शिका कोरीन तर पेन्सिलीचं टोक तपासायला लागली. डुलुथमध्ये घराला आग लागली तरी लोक आधी हवेबद्दल बोलतील आणि मग, तुला वेळ असेल तर, म्हणून पाण्याचा विषय काढतील. आर्डिस इथेच जन्मली, इथेच तिने पन्नाशी ओलांडली. या शहरात नजर कधी चुकवतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. यांना माहीत होतं. सगळ्यांना, अगदी त्या दाराशी उभ्या असलेल्या तिकीटवाल्या म्हातारीलासुद्धा.

आणि हे कोण? हे लोक! दर सप्टेंबरात सरोवरावरून बोचरा वारा सुटला की जुन्या अग्निशमन केंद्राच्या या इमारतीत हे सगळे हौशी नाटकाच्या ऑडिशनला जमतात, ओल्या लोकरीचा आणि करपलेल्या कॉफीचा वास मारत. त्यातल्या अर्ध्यांना गळा नाही आणि उरलेल्यांना कान नाही. गेल्या वर्षीचा राजा प्लंबर होता, सिंहासनावर बसला की त्याचे मोजे दिसत. त्याचा प्रधान बँकेत कर्जं देतो आणि प्रेमाचं गाणंसुद्धा कर्ज नामंजूर केल्यासारखं म्हणतो. इथली रीत अशी की प्रत्येकाने सगळ्यांसमोर गायचं, आणि प्रत्येकाला सगळ्यांनी सारख्याच टाळ्या द्यायच्या. ना एक कमी, ना एक जास्त. एक बाई मागे एकदा पहिल्याच ओळीला शब्द विसरली, पियानोला टेकून हसत सुटली, तर तिलाही तेवढ्याच टाळ्या! "बरं झालं की," म्हणे. आर्डिसला त्या टाळ्यांची शिसारी यायची. ती स्वतः तळहातावर दोन बोटं टेकवायची, तीही फक्त शेजारचा बघत असेल तर. तिला वाटायचं, एवढ्या सगळ्यांत टाळी कशाला वाजवायची हे कळणारी मी एकटीच. दोन वर्षं मिनियापोलिसला गाणं शिकून आलेली होती ती. शिकवणारी बाई म्हणायची, तुझा वरचा सूर देणगी आहे, जपून वापर. मग लोवेलशी लग्न झालं, लोवेल बॉयलर विकायचा, आणि देणगी घेऊन आर्डिस या अग्निशमन केंद्रात आली. राणी झाली, कप्तानाची बायको झाली, वसंत ऋतू झाली, दर वर्षी नायिका. बाकीच्या बायका मावश्या व्हायच्या, स्वयंपाकिणी व्हायच्या, 'दुसरी कोळीण' व्हायच्या आणि वर हौसेने स्वतःचे एप्रन घरून शिवून आणायच्या. काय मेली ही माणसं! लाज म्हणून नाही. दुसरी कोळीण होण्यापेक्षा मी घरी बसेन, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली होती आणि लोक हसून "हो ना, हो ना" म्हणाले होते.

आता त्या "हो ना"चा अर्थ काय लावायचा? यंदाचं नाटक 'बंदरावरची लिव्ह'. लिव्ह ही हेरिंग मासे विकणाऱ्याची बावीस वर्षांची पोर. आर्डिसला बावीसचा आकडा आड आला नव्हता. मंचावर वय गळ्याला असतं, बाकीचं रंग लावून भागतं, असं तिचं मत होतं. लिव्ह तिला हवीच होती. ती नाही मिळाली तर मग उरतं काय? डोळ्यांच्या डॉक्टरकडे काचेमागे बसून "विम्याचं कार्ड आणलंय का?" विचारणारी एक बाई, जिला लोक बाहेर पडता पडता विसरतात. वर्षातले दहा महिने ती ती बाई असायची, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या नाटकाच्या भरवशावर ते सहन करायची.

त्या गाण्याच्या शेवटी लिव्ह सरोवराकडे बघून एक स्वर धरते. वरचा, लांब, आधाराला एकही वाद्य नाही. स्वयंपाकघरात तो आर्डिसला महिनाभरात एकदाही लागला नाही. तिथवर गेलं की आवाज दुधासारखा फाटायचा. मग ती तळघरात जायची, कपडे वाळवायचं यंत्र रिकामंच चालू करायची म्हणजे वर लोवेलला ऐकू जाऊ नये, आणि त्या घरघरीत पुन्हा पुन्हा तोंड उघडायची. नाहीच. पण तिला फारशी भीती वाटली नव्हती, कारण गेली काही वर्षं असंच होत होतं. घरी नाही लागायचा, आणि इथे, वेंडेलच्या पियानोशेजारी उभं राहिलं की अलगद यायचा. आजही आला. थोडा कडेला घासून आला, पण आला. यावर तिने स्वतःशी एक सिद्धान्तच बांधला होता: खरा कलावंत घरी गात नाही. मंच माणूस ओळखतो. या प्लंबर-बँकवाल्यांचं उलट असतं, न्हाणीघरात सिंह आणि इथे मांजर. मघाशी तो स्वर धरून झाल्यावर तिने वेंडेलकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, पियानोवर ठेवलेले हातमोजे उचलले आणि खाली उतरली होती. वेंडेलकडे काय बघायचं? शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेला माणूस, स्वेटरवर कायम मांजराचे केस, गाण्यातसुद्धा तोंडात खोकल्याची गोळी. त्याला ती वाद्याचाच एक भाग समजत आली होती.

टोव्हा आता गात होती. पोरगी वृद्धाश्रमात नर्स आहे, थेट कामावरून आलेली. जाकिटाखाली तो निळा गणवेश, केस रबर लावून कसेतरी वर बांधलेले, आणि उभी कशी, तर बसची वाट बघितल्यासारखी. आर्डिसने एकेक खोट वेचायला सुरुवात केली. श्वास चुकीच्या जागी घेते. हातांचं काय करायचं ते कळत नाही. शब्द खाते. हे सगळं खरं होतं, आणि तिकडे गाणं चढत होतं. शेवटचा स्वर आला तेव्हा टोव्हाने काही विशेष केलं नाही, नुसतं तोंड उघडलं आणि तो तिथे होता, भरलेला, न घासलेला, आणि ती म्हणेल तितका वेळ. मग तिने तो सोडून दिला, नाक खाजवलं आणि म्हणाली, "झालं." आपण काय केलं हे मेलीला कळलंसुद्धा नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेहमीइतक्याच.

शेजारी मार्लिस विणत बसली होती. मार्लिस वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवते, ऑडिशनला तिचं काहीच काम नसतं, तरी येते. डबा भरून काहीतरी गोड आणते आणि ते संपल्याशिवाय कुणाला जाऊ देत नाही. आर्डिसने समोर बघतच विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मार्लिस."

मार्लिसने सुया थांबवल्या आणि डबा पुढे केला. "वडी घे ना एक. लिंबाची आहे. साखर जरा जास्त झालीय, पण चालेल."

"माझी पट्टी कधीपासून उतरवताय तुम्ही?"

"अगं, उतरवतो म्हणजे काय," मार्लिस म्हणाली आणि तिचे कान लाल झाले. "थोडीशीच. पहिल्या वर्षी तर अर्धाच स्वर होता. कुणाला कळलंसुद्धा नाही."

"मला कळलं नाही. बाकी कुणाला कळलं नाही?"

"नाही म्हणजे, वाद्यवृंदाला कळणारच ना. एकटा पियानो खाली आणून कसं भागेल? आमचे सगळ्यांचे कागद नव्याने लिहावे लागतात. क्लॅरिनेटचे, ट्रॉम्बोनचे, व्हायोलिनचे. ट्रॉम्बोनवाले जरा कुरकुरतात, पण ते कशालाही कुरकुरतात." आता सुरुवात झालीच होती म्हणून की काय, मार्लिसला बरं वाटायला लागलेलं दिसलं. "आमच्याच मागच्या अंगणात बसतो आम्ही जुलैमध्ये. आमचा ओल् जाळीवर सॉसेज भाजतो, कुणी बिअर आणतं, मुलं पाण्याच्या पाइपाने खेळतात. खरं सांगू, मजा येते गं. नाहीतर उन्हाळ्यात आपण भेटतो कुठे एकमेकांना?"

"मी नसते तिथे."

"नाही, तू कशी असशील," मार्लिस म्हणाली आणि पुन्हा विणायला लागली.

जुलैमध्ये. आर्डिसच्या डोळ्यांसमोर ते अंगण आलं. ती त्या अंगणात एकदाही गेली नव्हती. दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाचं म्हणून, बोलावणं यायचं आणि ती डोकं दुखतंय म्हणून कळवायची. तिथे लाकडी टेबलावर हे लोक कोपराला कोपर लावून बसलेले, बोटांना मोहरीची चटणी लागलेली, आणि एकेक स्वर खाली ओढून कागदावर ठेवताहेत. यंदा किती? दोन का अडीच? अडीच कर रे, तिला सोपं जाईल. आणि कुणी हसलं असेल? हसले असते तर बरं होतं. हसणाऱ्यांना तोंड देता येतं, उलटून बोलता येतं. हे हसले नसणार, तिला खात्री होती. यांनी गंभीरपणे, जीभ दातात धरून ते काम केलं असणार आणि वर एकमेकांना मोहरीची बाटली दिली असणार. यांच्या चांगुलपणाला आग लागो! ज्यांची ती इतकी वर्षं कीव करत आली, ते दर जुलैला तिची कीव करायला ठरवून जमत होते. आणि मग त्याच्याही खालून दुसरा एक विचार वर आला, आणि तो येताना तिला थांबवता आला नाही. जुलैमध्येच कागद लिहून झाले, म्हणजे जुलैमध्येच ठरलं होतं. टोव्हा कशीही गाऊ दे. लिव्ह आपलीच आहे. तिला हायसं वाटलं. अगदी स्पष्ट, छातीतून, हायसं वाटलं, आणि ते वाटल्याबद्दल तिला स्वतःची किळस आली.

"कुणाचं डोकं हे? वेंडेलचं?" तिने विचारलं.

"लोवेलचं."

"आमच्या लोवेलचं?"

"वेंडेल आणि तो गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला जातात ना दर हिवाळ्यात, तेव्हा बोलला म्हणे त्याच्याकडे. म्हणाला, काहीतरी करता येईल का, आर्डिस तळघरात मशीन लावून रडत असते."

"मी रडत नाही," आर्डिस म्हणाली. "मी रियाज करते."

मार्लिसच्या सुया थांबल्या. "हो का?" ती म्हणाली. "त्याला वाटलं, रडतेस."

आर्डिसने वडी घेतली, कारण हाताला काहीतरी हवं होतं. लोवेल! ज्याला राष्ट्रगीत सुरू झालं की शेजारचे उभे राहिलेले बघूनच कळतं, तो लोवेल! प्रत्येक प्रयोगाला दुसऱ्या रांगेत कडेला बसायचा, तोच तपकिरी कोट, आणि तिचं शेवटचं गाणं आलं की पुढे वाकून तोंड उघडं ठेवायचा. ती वरून बघायची आणि मनात म्हणायची, बघा, कळत काही नाही पण भारावून गेलाय बिचारा. तो भारावला वगैरे नव्हता. सायकल शिकणाऱ्या पोरामागे बाप धावतो तसा तो बसल्या जागी धावत होता. घरी गेल्यावर विचारायचा, "झालं ना नीट?" आणि ती त्याला उत्तरसुद्धा द्यायची नाही, तुला काय कळतंय म्हणून. आताही तो घरी हॉकीची मॅच लावून बसला असेल, आणि ती दारात शिरली की आवाज कमी करून तेच विचारेल. त्याला काय सांगायचं? आर्डिसला त्याचा इतका राग आला की घशाशी वडी आली. राग यायला जागा तर हवी होती, आणि लोवेल ही तिची रोजचीच जागा होती.

ऑडिशन संपली. लोक खुर्च्या एकात एक रचायला लागले. त्यातही यांना उत्साह. कोरीनने आर्डिसला खुणेने बाहेर बोलावलं. बाहेर, जिथे पूर्वी आग विझवणाऱ्यांचे अंगरखे टांगलेले असायचे त्या खुंट्यांवर आता सगळ्यांचे कोट होते, आणि त्या कोटांमध्ये कोरीन उभी होती, शाळेत चुकलेल्या मुलाच्या आईशी बोलावं तसा चेहरा करून. कोरीन सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवते. सगळ्यांशी ती तशीच बोलते.

"हवा बदलली नाही एकदम?" कोरीन म्हणाली.

"बदलली."

"रात्री गारठणार बहुतेक." कोरीनने कुणाच्या तरी कोटाची बाही सरळ केली. "तर मी काय म्हणत होते, तुला हरकत नसेल, म्हणजे तुझं काही दुसरं ठरलं नसेल, तर लिव्ह तू करावीस असं आपलं आम्हाला वाटत होतं. कागद तसे तयारच आहेत."

"आणि टोव्हा?"

"टोव्हाला स्वयंपाकिणीचं काम आवडेल म्हणाली."

"ती म्हणाली, का तू म्हणालीस?"

"मी विचारलं, तर म्हणाली, चालेल." कोरीनने दाराकडे पाहिलं. "गोड पोरगी आहे. तिला अजून पुष्कळ वर्षं आहेत, आर्डिस."

अर्धवट उघड्या दारातून टोव्हा दिसत होती. दोन दोन खुर्च्या एकदम उचलत होती आणि उचलता उचलता तेच गाणं गुणगुणत होती, छापलेल्या पट्टीत, तिला काही कष्ट पडत नव्हते. खुर्ची ठेवताना आवाज दाबला जाई, सरळ झाली की पुन्हा मोकळा होई. आर्डिस ऐकत राहिली. असा स्वर आपल्याला होता. कधी गेला? कुठल्या वर्षी, कुठल्या गाण्यात? ते तिला कधीच कळणार नव्हतं, कारण या लोकांनी तो जाताना दिसूच दिला नव्हता. तो गेल्याचं दुःखसुद्धा तिच्या हाती लागू दिलं नाही. 'तिला द्या.' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. ते तिने तोंडात जुळवले, जिभेवर ठेवून पाहिले. ते म्हटले की आयुष्यात पहिल्यांदा ती या सगळ्यांपेक्षा खरोखर वर जाणार होती, जिथे आपण आहोतच असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. कोरीन वाटही बघत होती, खरंच वाट बघत होती. तिच्या त्या मवाळ, कंटाळवाण्या चेहऱ्यावर आर्डिसला पहिल्यांदाच काहीतरी उघडं दिसलं, एक प्रकारची आशा. आणि मग आर्डिसला ती काच दिसली, विम्याची कार्डं दिसली, एप्रन बांधलेली स्वतः दिसली, आणि पुढे, लिव्हच्या लाल झग्यात, ही निळ्या गणवेशातली पोरगी, नाक खाजवत.

"गेल्या वर्षी माझा झगा कमरेत ढगळ शिवला होता," ती म्हणाली. "यंदा माप नीट घ्या म्हणावं."

कोरीनच्या चेहऱ्यावरची ती आशा मिटली, पण लगेच तिथे हसू आलं. चांगलं शिकवलेलं हसू. "घेऊ की," ती म्हणाली. "नक्की घेऊ." मग ती कोटांच्या रांगेकडे बघत, आवाज अगदी हळू करून म्हणाली, "आणि एक विचारायचं होतं. वेंडेलला वाटलं, आज शेवटी तुला थोडा ताण पडला. ते लोक अजून एकदा बसायला तयार आहेत. आणखी जरा उतरवायची का?"

आर्डिसने कोट चढवला. चेन गळ्यापर्यंत ओढली. आत टोव्हाचं गुणगुणणं चाललंच होतं.

"उतरवा," ती म्हणाली.